तांबडी माती, भात आणि स्फुरद

भाताचें खाचर हिरवेंगार दिसलें म्हणजे तेथील पीक सुखी आहे, असें शहराहून कोंकणांत गेलेल्या पाहुण्यास वाटतें. गाडीच्या खिडकींतून दिसणारा तो रंग डोळ्यांना निववितो आणि पाहुणा समाधानानें परततो. परंतु हिरवेपणा दोन प्रकारचा असतो. पोटभर अन्न मिळालेल्या भाताचा हिरवा रंग पोपटाच्या पंखासारखा सतेज असतो. उपाशी भाताचाहि एक हिरवा रंग असतो; तो अधिक गडद, किंचित् निळसर व मलूल असतो. अशा खाचरांतील रोपें बुटकीं राहतात, पानें अरुंद व ताठ असतात, बुडाशीं फुटवे धरत नाहींत, जुनीं पानें कधीं कधीं जांभळट तपकिरी होऊन वाळतात, आणि शेजारचें शेत निसवलें तरी हें मागेंच राहतें. हा दुष्काळ नत्राचा नव्हे. नत्र कमी पडलें तर पान पिवळें पडतें आणि तें कोणाच्याहि ध्यानांत येतें. हा दुष्काळ स्फुरदाचा होय. आणि तो हिरव्या वस्त्राखालीं झांकलेला असल्यामुळें फार उशिरां, म्हणजे खळ्यावर धान्य मोजतांना, कळतो.

स्फुरद हें नांव मराठींत चांगलें रुळलें आहे. हाम्बुर्ग शहरांत १६६९ सालीं हेनिग ब्रांड नांवाच्या किमयागारानें सोनें करण्याच्या नादांत मूत्र आटवून एक मेणासारखा पदार्थ मिळविला. तो अंधारांत आपोआप प्रकाशूं लागला, म्हणून त्यास 'प्रकाशवाहक' या अर्थाचें फॉस्फरस हें ग्रीक नांव मिळालें. मराठींत तेंच स्फुरणारें तत्त्व स्फुरद झालें. ब्रांडला सोनें कांहीं मिळालें नाहीं. परंतु जें मिळालें तें मानवजातीच्या दृष्टीनें सोन्याहून मोलाचें ठरलें. सोन्यावांचून जग चालेल. स्फुरदावांचून गवताची काडीहि उगवणार नाहीं. प्रत्येक जिवंत पेशींत शक्तीची देवघेव ज्या द्रव्याच्या द्वारें होते त्यांत स्फुरद आहे. आनुवंशिक गुण ज्या रेणूंत लिहिलेले असतात त्यांच्या कण्यांत स्फुरद आहे. आणि माणसाच्या हाडांतहि तेंच आहे. भाताला त्याची सर्वांत मोठी निकड लावणीनंतरच्या पहिल्या तीन चार आठवड्यांत असते, कारण त्याच काळांत मुळें पसरतात व फुटवे फुटतात. त्या वेळीं जो फुटवा निघाला नाहीं तो पुढें कितीहि खत घातलें तरी वेळेवर निघत नाहीं. आणि फुटवा नाहीं तर लोंबीहि नाहीं.

आतां ज्या मातींत हें सर्व घडावयाचें तिच्याकडे वळावें. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत मलबारांतील एका तांबड्या दगडाचें वर्णन केलें आहे. जमिनींत असतां तो सहज कापतां येतो आणि वाऱ्यावर ठेवला म्हणजे विटेसारखा कठीण होतो, हें पाहून लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून त्यानें त्यास लॅटेराइट हें नांव दिलें. रत्नागिरीच्या माणसास हें सांगावयास नको. तो त्याला जांभा म्हणतो, त्याचे चिरे काढतो, आणि घर, गडगा व विहीर त्याच चिऱ्यांनीं बांधतो. हा जांभा मूळचा जांभा नव्हे. तो पुष्कळ ठिकाणीं काळ्या अग्निजन्य खडकाचाच अवशेष आहे. वर्षाला अडीच तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनहि अधिक पाऊस, आणि पावसाळ्याबाहेर कडक ऊन, असा खेळ लक्षावधि वर्षें चालला म्हणजे खडकांतील चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि पुष्कळशी वाळूची सिकता हीं धुऊन समुद्रास मिळतात, व मागें राहतात तीं मुख्यतः लोखंडाचीं व ॲल्युमिनियमचीं ऑक्साइडें. माती तांबडी दिसते ती ह्या लोखंडाच्या गंजामुळें. आणि ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, असते ती चुन्यासारखीं द्रव्यें वाहून गेल्यामुळें.

ह्या गंजाचा एक गुण शेतकऱ्यास फार महाग पडतो. पाण्यांत विरघळलेलें स्फुरद त्याच्या कणांशीं आलें कीं तें त्यांच्या पृष्ठभागावर धरून ठेवलें जातें. पहिल्या कांहीं तासांत ही पकड सैल असते. पुढें आठवडे व महिने लोटतील तसतशी ती घट्ट होत जाते. जांभ्याची माती म्हणजे जणूं एक बंद मूठ आहे. ती घेण्यास तत्पर आणि देण्यास नाखूष असते. त्यांत भर म्हणजे स्फुरदाचा स्वभावच स्थितिप्रिय आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाकडे येतें. स्फुरद जेथें पडेल तेथेंच बसतें आणि सबंध हंगामांत कांहीं मिलिमीटरांपलीकडे सहसा सरकत नाहीं. मुळानेंच त्याच्या दारीं जावें लागतें. म्हणून स्फुरदाच्या बाबतींत खत किती घातलें यापेक्षां तें कोठें घातलें हा प्रश्न मोठा आहे.

थोडा हिशेब केल्यास हें स्पष्ट होईल. एक टन भात पिकवितांना पीक जमिनींतून सुमारें अडीच ते तीन किलो स्फुरद उचलतें. हेक्टरीं चार टन उतारा आला तर दहा ते बारा किलो. खताच्या पोत्यावर मात्र स्फुरद मोजण्याची रीत निराळी आहे. तेथें तें प्राणवायूशीं संयुक्त अशा रूपांत लिहितात, आणि एक किलो शुद्ध स्फुरदाचे तेथें सुमारें २.३ किलो होतात. म्हणजे पोत्याच्या भाषेंत पिकाची गरज तेवीस ते अठ्ठावीस किलोंची झाली. सुधारलेल्या भातासाठीं सर्वसाधारण शिफारस मात्र त्याच भाषेंत हेक्टरीं पन्नास किलोंची आहे. सोळा टक्क्यांच्या सिंगल सुपर फॉस्फेटच्या रूपानें तें घालावयाचें तर ३१२ किलो, म्हणजे पन्नास किलोंचीं सव्वासहा पोतीं, लागतात; दहा गुंठ्यांच्या लहानशा मालकासहि बत्तीस किलो लागेल. गरजेच्या जवळजवळ दुप्पट खत घालूनहि पहिल्या हंगामांत पीक त्यांतला पांचवा सहावा हिस्साच उचलतें. उरलेलें त्या मुठींत जातें. खताच्या दुकानांत रोख पैसे मोजून आलेल्या माणसास ही गोष्ट ऐकून काय वाटेल, हें सांगावयास नको.

येथें भाताचें नशीब इतर पिकांपेक्षां बलवत्तर आहे. खाचरांत चिखलणी करून पाणी कोंडलें म्हणजे मातींतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग तेथील सूक्ष्म जंतु श्वसनासाठीं लोखंडाच्या गंजांतील प्राणवायूवर हात टाकतात. गंजाचें लोह ह्या क्रियेनें पाण्यांत विरघळणाऱ्या रूपांत बदलतें, आणि त्यानें धरून ठेवलेलें कांहीं स्फुरद मोकळें होतें. त्याच वेळीं मातीचा आंबटपणाहि उतरून ती उदासीन अवस्थेकडे झुकते. बाहेरून ह्याची खूण एवढीच दिसते कीं, तांबडा चिखल खालून हळूहळू करडा, निळसर होतो. फिलिपाईन्समध्यें लॉस बान्योस येथें १९६० सालीं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तेथें काम करणारे सिंहली रसायनशास्त्रज्ञ पोन्नम्पेरुमा यांनीं पाण्याखालच्या मातीचें हें रसायन बारकाईनें उलगडलें. १९७२ सालचा त्यांचा प्रबंध ह्या विषयांत आजहि आधारभूत मानला जातो. जी माती वरकस जमिनींत नाचणीला उपाशी ठेवते तीच पाणी कोंडल्यावर भाताला कांहीं देते, ह्याचें इंगित हें आहे.

परंतु ही उदारता पाणी असेपर्यंतच. पावसानें ओढ दिली, बांध फुटला, खाचर भेगाळलें, कीं लोह पुन्हां गंजतें आणि हा ताजा गंज स्फुरदाला पूर्वींहूनहि घट्ट धरतो. भात कापल्यावर त्याच शेतांत वाल, पावटा किंवा कुळीथ पेरणारा शेतकरी "भातानें जमीन खाल्ली" असें म्हणतो. जमीन भातानें खाल्लेली नसते. पाणी हटल्याबरोबर तिनें मूठ मिटलेली असते. म्हणून भातामागून येणाऱ्या कडधान्यास स्फुरदाचा वेगळा वांटा द्यावा लागतो. आणि म्हणूनच चांगला बांध हें कोंकणांत अर्धें खत होय. तो पाणी धरतो, आणि पाण्याबरोबर वाहून जाणारी सुपीक मातीहि धरतो.

ह्यावरून आणखी एक गोष्ट निघते. कोंकणांतील एकाच घरच्या जमिनी एकसारख्या नसतात. डोंगराच्या उतारावरील वरकस जमिनींत पाणी थांबत नाहीं. तेथें स्फुरदाची टंचाई सर्वांत तीव्र असते. त्याखालच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत पाणी असतें, पण पावसाच्या खंडांत तें आटतें. अगदीं तळाशीं, व्हाळालगत, वरून धुऊन आलेली माती सांचते व पाणीहि टिकतें. तेथें थोड्या स्फुरदावर भागतें, क्वचित् एखाद्या वर्षीं न घातलें तरी चालतें. तिन्ही ठिकाणीं सारखेंच माप ओतणारा शेतकरी वरच्या शेतास उपाशी ठेवतो आणि खालच्या शेतांत पैसा पुरतो.

ह्या परिस्थितींत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात, आणि दोन्ही सारखींच घातक आहेत. एक मत असें कीं, माती खत गिळते तर आणखी घाला. श्रीमंताला हें परवडेल. पण स्फुरदाचा अतिरेक झाला तर भाताला जस्ताची उणीव भासूं लागते, आणि धुपून गेलेल्या मातीबरोबर तें स्फुरद ओढ्या-तळ्यांत जाऊन तेथें शेवाळाचें रान माजवितें. दुसरें मत असें कीं, घातलेलें खत मातींतच मुरावयाचें असेल तर घालावयाचेंच कशाला? बापजाद्यांनीं कोठें घातलें होतें? हें मत विशेषतः शहरांत राहून गांवच्या जमिनीचा खर्च सोसणाऱ्या घरांत फार लवकर मान्य होतें. परंतु दरवर्षीं धान्य उचलून न्यावयाचें आणि परत कांहीं द्यावयाचें नाहीं, असा व्यवहार सावकारानें कुळाशींहि केला नसता. उतारा क्रमाक्रमानें उतरतो, मजुरी निघेनाशी होते, आणि एके वर्षीं तें खाचर पड राहतें. एकदां बांध ढासळूं लागला कीं पुढच्या पावसाळ्यांत शेजारच्याचेंहि शेत धोक्यांत येतें. कोंकणांत आज जीं खाचरें ओसाड दिसतात त्यांना कारणें अनेक आहेत. परंतु न परवडणारा उतारा हें त्यांपैकीं एक खास आहे.

आणि बापजाद्यांनीं कांहींच घातलें नव्हतें, हें तरी खरें आहे काय? त्यांनीं राब केला होता. उन्हाळ्यांत झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण लहानशा जागेवर थरांनीं पसरून जाळावयाचें, आणि पाऊस पडतांच त्या राखेंत भाताचें बीं टाकावयाचें, ही ती रीत. जाळल्यानें तणाचें बीं मरतें, हा एक लाभ. दुसरा असा कीं, विस्तीर्ण रानांतल्या झाडांनीं खोल जमिनींतून उपसून पानांत सांठविलेलें स्फुरद व पालाश राखेच्या रूपानें एका लहान वाफ्यावर एकत्र येतें. रोपवाटिका ही लागवडीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते. सगळ्या शेतास पुरण्याइतकें खत जवळ नव्हतें, म्हणून जुन्या शेतकऱ्यानें तें रोपाच्या बालपणींच त्याच्या तोंडीं दिलें, आणि मग पोसलेलें रोप उपाशी शेतांत नेऊन लाविलें. ह्या राबाचें मोल शेतकऱ्यास किती वाटत होतें, याची साक्ष इतिहासांत आहे. टहाळ तोडण्याच्या हक्कावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत शेतकरी आणि जंगलखातें यांच्यांत एवढें वितुष्ट आलें कीं, जंगलासंबंधींच्या तक्रारींच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास १८८५ सालीं एक कमिशन नेमावें लागलें.

राबाची दुसरी बाजूहि झांकूं नये. त्यासाठीं डोंगर उघडे पडतात; आणि ज्या पाल्यापासून मातींत कस राहिला असता तो धुराच्या रूपानें उडून जातो. नत्र तर बहुतेक सगळें जातें. म्हणून राब तसाच पुढें चालवावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व मात्र सोन्यासारखें आहे. तें असें: खत थोडें असेल व माती खादाड असेल तर मातीला जेवूं घालूं नये, रोपाला जेवूं घालावें.

हेंच तत्त्व आपल्या काळांत दोन निरनिराळ्या ठिकाणीं पुन्हां हातीं आलें आहे. पहिलें ठिकाण हिंदी महासागरापलीकडील मादागास्कर बेट. तेथील मध्यवर्ती पठाराची माती कोंकणच्या मातीचीच बहीण शोभेल अशी तांबडी, लोहयुक्त व स्फुरदाला घट्ट धरणारी आहे. तेथील माणसांचें मुख्य अन्न भात आहे. आणि शेतकरी इतके गरीब आहेत कीं, खताचें पोतें बहुतेकांच्या आवांक्याबाहेर आहे. जपानच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन केंद्रांतील यासुहिरो त्सुजिमोतो व त्यांचे मालागासी सहकारी यांनीं २०१७ सालीं सुरूं झालेल्या एका प्रकल्पांत तेथील शेतांवर एक साधी युक्ति कसोटीस लाविली. शेतांतलाच चिखल घ्यावयाचा, त्यांत थोडें ट्रिपल सुपर फॉस्फेट कालवावयाचें, आणि उपटलेल्या रोपांच्या जुड्यांचीं मुळें लावणीपूर्वीं सुमारें अर्धा तास त्यांत बुडवून ठेवावयाचीं. मुळांना चिखलाचा लेप बसतो आणि रोप आपली शिदोरी बरोबर घेऊनच शेतांत उतरतें. सबंध शेतावर खत फेंकण्यापेक्षां ह्या रीतीनें थोड्या खतांत अधिक धान्य आलें. शिवाय पीक लवकर निसवल्यामुळें हंगामाच्या शेवटीं पठारावर पडणाऱ्या थंडीच्या तडाख्यांतून तें सुटलें. २०२० सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मुळें खताच्या लेपांत बुडविण्याची कल्पना भारतीय शेतीशास्त्रासहि अपरिचित नाहीं. कोंकणांत थंडीचें भय नाहीं. पण वरच्या खाचरांत पाऊस लवकर सरला तर भात पोटरींतच अडकतो, आणि तेथें आठ दिवस आधीं निसवणें म्हणजे पीक हातीं लागणें होय. मात्र एक सावधगिरी हवी. लेप फार तीव्र झाला किंवा रोपें त्यांत फार वेळ राहिलीं तर कोंवळीं मुळें करपतात. ज्यास हा प्रयोग करावयाचा असेल त्यानें कृषिखात्याच्या जाणकाराचा सल्ला घेऊन पहिल्या वर्षीं दोन चार गुंठ्यांवरच करावा, आणि शेजारीं तेवढाच तुकडा नेहमींच्या रीतीनें लावून दोहोंचें धान्य वेगवेगळें मोजावें.

दुसरें ठिकाण घरचेंच आहे. कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांनीं कोंकणच्या लहान शेतकऱ्यासाठीं जी पद्धत बसविली ती 'चारसूत्री भातशेती' या नांवानें महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. तिचें पहिलें सूत्र भाताचीं तुसें व पेंढा यांचा शेतांतच फेरवापर. दुसरें गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें. तिसरें मोजून-मापून लावणी. आणि चौथें खताच्या गोळ्या. लावणी अशी कीं, दोन ओळींतलें अंतर एकदां पंधरा व एकदां पंचवीस सेंटिमीटर, आणि तीच योजना आडवीहि. म्हणजे शेतभर चार चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात. लावणी झाली त्याच दिवशीं प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया व डीएपी यांची दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचावयाची. हेक्टरमध्यें असे ६२,५०० चौकोन बसतात आणि गोळ्यांचें वजन सुमारें १७० किलो भरतें. दहा गुंठ्यांस सतरा किलो पुरतें. त्यांत पोत्याच्या भाषेंतलें स्फुरद हेक्टरीं सुमारें तीस किलो पडतें, म्हणजे नेहमींच्या शिफारशीहून बरेंच कमी.

ही गोळी काम कशी करते? खत मातींत सर्वत्र विखुरलें तर प्रत्येक कणाला मातीचे असंख्य कण भेटतात आणि मुठी भराभर मिटतात. तेंच एके ठिकाणीं दाटून ठेवलें तर त्याच्या सभोंवतालच्या थोड्याशा मातीची भूक लवकर भागते, आणि उरलेलें मुळांसाठीं मोकळें राहतें. चारी चुडांचीं मुळें त्या ठिकाणाकडे वळतात व तेथें दाट जाळें करतात. नत्रहि खोल असल्यामुळें वाहून किंवा उडून जात नाहीं. ह्या रीतीस अडचण एकच, पण ती मोठी आहे: मजुरी. दोरी धरून लावणी करणें व ओणव्यानें एक एक गोळी खोंचणें हें माणसांचें काम आहे, आणि ऐन लावणींत गांवांत माणसें मिळणें कठीण झालें आहे. ज्या घरचीं तरुण मुलें मुंबई-पुण्यास नोकरीस आहेत त्या घरांनीं, शेत पड टाकण्यापूर्वीं, वर्षांतून ते चार दिवस गांवीं हात लावावयास जाण्याचा विचार करावा. खताच्या चार पोत्यांइतकाच त्याचा उपयोग होईल.

आतां ज्यांना नेहमींच्या रीतीनेंच खत घालावयाचें आहे, त्यांच्यासाठीं कांहीं मोजके नियम सांगतां येतील. पहिला, मातीची परीक्षा. सरकारनें २०१५ सालीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरूं केली. तिचा फायदा घ्यावा, परंतु वरच्या, मधल्या व खालच्या शेतांचे नमुने एकत्र न करतां वेगवेगळे द्यावेत. आम्लधर्मी मातींतील स्फुरद मोजण्याची पद्धत काळ्या चुनखडीच्या मातीहून निराळी आहे, म्हणून नमुना जांभ्याच्या जमिनीचा आहे हें आवर्जून सांगावें. दुसरा, वेळ. स्फुरद हप्त्याहप्त्यानें देऊं नये. तें वाहून जाण्याची भीति नसते आणि गरज आरंभींच असते, म्हणून शेवटच्या चिखलणीच्या वेळीं सगळें एकदम देऊन चिखलांत मिसळावें. तिसरा, सोबत. नत्र किंवा पालाश यांची वाण असेल तर एकट्या स्फुरदानें कांहीं साधत नाहीं. गाडीचें एक चाक नवें बसवून दुसरें मोडकें ठेविल्यासारखें तें होतें.

चौथा नियम सेंद्रिय खताचा. शेणखत व पाला यांत स्फुरद फार नसतें. तथापि तीं कुजतांना जीं आम्लें निघतात तीं लोखंडाच्या कणांवरील जागा स्वतःच अडवून बसतात, आणि स्फुरदासाठीं पसरलेली मूठ कांहीं अंशीं आधींच भरून जाते. शिवाय पाण्याखालीं गंजाचें रूपांतर घडविणाऱ्या जंतूंना ह्याच पाल्यापासून अन्न मिळतें. म्हणून गडग्याच्या कडेनें गिरिपुष्प लावणें हें एक प्रकारें खताचें कोठार लावणेंच आहे. पांचवा नियम खडकभुकटीचा. रॉक फॉस्फेट म्हणजे स्फुरदयुक्त खडकाची भुकटी स्वस्त असते आणि आंबट मातींत ती हळूहळू विरघळते. काळ्या मातींत ती तशीच पडून राहते. परंतु पाणी कोंडलें कीं कोंकणच्या मातीचा आंबटपणा उतरतो, म्हणून ती चिखलांत टाकण्यांत अर्थ नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं, माती अजून आंबट असतां, घातली तर तिचा उपयोग होतो. आंब्या-काजूंच्या बागांत व वरकस जमिनींत ती अधिक शोभते.

सहावी गोष्ट नियम नव्हे, दिलासा आहे. मातीनें गिळलेलें सर्वच स्फुरद कायमचें बुडत नाहीं. दरवर्षीं थोडें थोडें घालीत गेल्यास ती मूठ भरत येते, पुढच्या वर्षांत जुन्या ठेवींतून कांहीं परत मिळतें, आणि मग पिकानें नेलें तेवढेंच परत केलें तरी पुरतें. कांहीं वर्षें नेटानें चालविलेल्या जमिनीचा आणि सोडून दिलेल्या जमिनीचा फरक असा वाढत जातो.

भाताच्या बियाण्यांतहि ह्या प्रश्नाचें एक उत्तर दडलेलें होतें. पूर्व भारतांतल्या गरीब जमिनींत पिकणाऱ्या कासालथ नांवाच्या जुन्या गावठी वाणाचें रोप स्फुरदाच्या टंचाईंतहि तग धरतें, असें शास्त्रज्ञांस आढळलें. अनेक वर्षांच्या शोधानंतर २०१२ सालीं त्यामागील जनुक निश्चित झालें. तें रोपाचीं मुळें बालपणींच जोमानें वाढवितें, आणि पुष्कळशा आधुनिक वाणांत तें मुळींच नाहीं. सुपीक शेतांत, भरपूर खतावर वाण निवडले गेले तेव्हां हा गुण कोणाच्या नजरेसच आला नाहीं. गावठी बियाण्याची एखादी मडकी घरांत कोनाड्यांत राहिली असेल तर ती निरुपयोगी समजून फेंकूं नये, याला हें एक पुरेसें कारण आहे.

शहरांतल्या स्वयंपाकघराचा ह्या सर्वाशीं काय संबंध, असा प्रश्न शेवटीं उरतो. संबंध असा कीं, भाताच्या रोपानें उचललेल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा दाण्यांत जाऊन बसतो, आणि दाण्यांतहि तो मुख्यतः वरच्या कोंड्यांत असतो; तांदूळ पांढराशुभ्र सडतांना निम्म्याहून अधिक निघून जातो. पूर्वीं भात गांवींच सडला जाई, कोंडा गुरांच्या पोटांत व शेण उकिरड्यावर जाई, आणि फेरा पुरा होई. आतां भात गिरणीवर जातो, तांदूळ शहरांत येतो, आणि त्यांतलें स्फुरद अखेर गटारांवाटे खाडींत व समुद्रांत जातें. त्याच्या भरपाईस लागणारें खत ज्या खडकापासून करतात तो भारतांत फार थोडा आहे. राजस्थानांत उदयपूरजवळ झामरकोट्रा येथें त्याच्या मोठ्या खाणी आहेत. तथापि देशाची बहुतेक गरज परदेशावर भागते, आणि जगांतल्या ज्ञात सांठ्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के सांठा मोरोक्को व त्याच्या ताब्यांतील पश्चिम सहारा या एकाच कोपऱ्यांत आहे. नत्र हवेंतून काढतां येतें. स्फुरद हवेंत नाहीं. तें खणूनच आणावें लागतें, आणि खाण ही कधींतरी संपणारी वस्तु आहे.

म्हणून जांभ्याच्या खाचरांत टाकलेली प्रत्येक ओंजळ विचारानें टाकावयास हवी. गांवच्या शेताचा खर्च पाठविणाऱ्या घरानें पुढच्या मृगापूर्वीं गांवच्या माणसास तीन प्रश्न विचारावे: कोणत्या शेताची माती तपासली? खत कोणत्या शेताला किती दिलें? आणि तें फेंकलें कीं मुळाशीं ठेविलें? त्यांचीं उत्तरें मिळालीं नाहींत, तर तीं शोधण्याची अर्धी जबाबदारी विचारणाऱ्याचीहि आहे. कारण ते दहा गुंठे दोघांचेहि आहेत, आणि तेथें पिकणारा भात दोघांच्याहि ताटांत येतो.